बिनकामाची मुलगी

तीन भागांच्या चित्रपटातल्या तिसऱ्या भागाला घरातले शेंडेफळ म्हणावे, तर शेंडेफळाचे निदान लाड तरी होतात. तिसऱ्या भागाच्या वाट्याला लाड येत नाहीत. पहिल्या भागाला नवलाईचा मान मिळतो, दुसऱ्याला उत्सुकतेचा. तिसरा येतो तेव्हा लोक हिशेबाची वही उघडून बसलेले असतात. अमक्याचे काय झाले, तमक्या कोड्याचे उत्तर कुठे आहे, पहिल्या भागात दिलेले वचन पाळले की नाही, अशी सगळी देणी त्या बिचाऱ्याच्या नावावर मांडलेली असतात. आणि ती फेडता फेडता त्याने दोन क्षण कुठे रेंगाळायचे म्हटले, की लगेच खुर्च्या करकरू लागतात.

आपल्याकडेही शेवटांविषयी माणसाचे मन असेच कचरते. रामायण ऐकणारा राज्याभिषेकापाशी पोथी मिटायला बघतो. उत्तरकांडातली सीता त्याला सोसवत नाही. महाभारतातले युद्ध सर्वांच्या तोंडी असते. परंतु हिमालयाच्या वाटेवर एकेक पांडव गळून पडतो ते पर्व आवडीने वाचणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे. मला मात्र शेवट आवडतात. मैफलीला उशिरा पोचलो तर मी तितकासा हळहळत नाही. पण भैरवी सोडून उठणे मला कधी जमलेले नाही. म्हणूनच की काय, 'द मॅट्रिक्स' या गाजलेल्या चित्रपटाचा तिसरा भाग, जो बहुतेकांना आवडला नाही, तो माझ्या मनात जाऊन बसला आणि इतक्या वर्षांत तिथून उठायला तयार नाही.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगायला हवी. पुढे कधीतरी माणसांचे आणि यंत्रांचे युद्ध होते, माणसे हरतात. सूर्याच्या प्रकाशावर यंत्रे चालतात म्हणून माणसांनीच आभाळ काळवंडून टाकलेले असते. तेव्हा यंत्रे माणसांनाच कोशांत निजवून त्यांच्या शरीरातली ऊर्जा वापरू लागतात, आणि ती निपचित राहावीत म्हणून त्यांना एक सामुदायिक स्वप्न दाखवीत राहतात. रस्ते, कचेऱ्या, पाऊस, जेवणाची चव, सगळे त्या स्वप्नातले. त्या स्वप्नाचे नाव मॅट्रिक्स. निओ नावाचा तरुण त्यातून जागा होतो. वाचोव्स्की भावंडांनी १९९९ साली हा पहिला भाग पडद्यावर आणला तेव्हा जगातले तरुण वेडावून गेले. त्याला चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. आपल्याकडच्या मंडळींनी तर 'अहो, हे शंकराचार्यांनी केव्हाच सांगून ठेवले आहे' असे म्हणून त्याला घरातच घेऊन टाकले. पुढचे दोन्ही भाग २००३ सालीच आले. दुसऱ्याने जगभर सुमारे चौऱ्याहत्तर कोटी डॉलर मिळवले. तिसरा, 'द मॅट्रिक्स रेव्होल्यूशन्स', ५ नोव्हेंबर २००३ रोजी अनेक देशांत एकाच क्षणी लावण्यात आला. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे ९ वाजले होते, लंडनला दुपारचे २ आणि तोक्योत रात्रीचे ११. इतक्या थाटाने आलेल्या या पाहुण्याची कमाई दुसऱ्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच राहिली.

पुण्यात मी तो पाहिला माझ्या भाच्याबरोबर. दिवाळी उरकली होती, तुळशीची लग्ने चालली होती. भाचा तेव्हा संगणकाचे शिक्षण घेत होता आणि या त्रयीचा मोठा भक्त होता. चित्रपटगृहातून बाहेर पडताना त्याचा चेहरा परीक्षेचा पेपर अवघड गेल्यासारखा झाला होता.

"मामा, घोळ घातला यांनी," तो म्हणाला. "एवढं सगळं करून शेवटी काय, तर तह!"

त्याची तक्रार खोटी नव्हती. झायन हे माणसांचे जमिनीखालचे शेवटचे गाव. त्याच्यावर यंत्रांची अडीच लाखांची टोळधाड येते आणि मग पडद्यावर जे युद्ध सुरू होते ते कितीतरी वेळ संपतच नाही. लोखंडी चिलखतात बसून गोळ्यांचा वर्षाव करणारी ती माणसे पाहून काही वेळाने मला तहान लागली. निओची भूमिका करणारा किआनू रीव्ह्ज त्या सगळ्या लढाईत गावात नसतोच. आणि ज्याच्या आगमनासाठी तीन भाग खर्ची पडले, त्याने शेवटी यंत्रांचे राज्य उलथून टाकलेले नाही. तो त्यांच्या नगरीत जातो, त्यांच्या प्रमुखापुढे उभा राहतो आणि सौदा करतो. स्मिथ नावाचा तुमचाच एक कारभारी हाताबाहेर गेला आहे, जो भेटेल त्याला तो आपल्यासारखा करीत सुटला आहे. त्याला मी आवरतो, तुम्ही युद्ध थांबवा. विसाव्या वर्षी माणसाला तह आवडत नाही, हे मी समजू शकतो. तहाची किंमत कळायला बरेच काही हरून झालेले असावे लागते.

पण मी भाच्याशी वाद घातला नाही. माझे लक्ष त्या युद्धात नव्हतेच. ते पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच एका रेल्वे स्थानकावर अडकून पडले होते.

ते स्थानक मोठे चमत्कारिक आहे. भुयारी गाडीचे असते तसे, पांढऱ्या फरशांचे, लख्ख उजेडाचे. पण तिथे माणूस नाही, गर्दी नाही, गाडीचे वेळापत्रक नाही. यंत्रांचे जग आणि स्वप्नाचे जग यांच्या मधली ती चौकी आहे. निओ तिथे अडकतो. बोगद्यात शिरून जिवाच्या आकांताने धावतो तो दुसऱ्या बाजूने त्याच फलाटावर येऊन पोचतो. आणि त्या फलाटावर एक कुटुंब गाडीची वाट पाहत बसलेले असते. बापाचे नाव रामचंद्र, आईचे कमला आणि मुलीचे सती. अमेरिकन जिभेवर चढताना रामचंद्राचे 'रामा-कांड्रा' झाले आहे, एवढेच. हातात सामान, मुलीला शेवटच्या सूचना, चेहऱ्यावर काळजी. एखाद्या आडगावच्या स्टेशनावर मुलीला शिक्षणासाठी परगावी पाठवायला आलेले जोडपे दिसते, तसेच ते दिसतात.

ही तिघे माणसे नव्हेत. संगणकाच्या पोटात चालणाऱ्या आज्ञावली आहेत. रामचंद्र यंत्रनगरीच्या वीजकेंद्रात टाकाऊचे पुन्हा उपयोगात आणण्याच्या खात्यावर देखरेख करतो. कमलेलाही तिचे ठरलेले काम आहे. मुलीला मात्र काम नाही. दोघांच्या प्रेमापोटी ती जन्मली. कोणत्याही कारणासाठी तिला कोणी घडवलेले नाही. आणि त्या नगरीचा कायदा साधा आहे: ज्याला काम नाही ते पुसून टाकायचे.

घरी परतताना मी भाच्याला विचारले, "हे खरंच असं असतं का रे?"

"असतंच की मामा. जो प्रोग्रॅम कशाला लागत नाही तो ठेवायचा कशाला? उगीच जागा अडते."

तो सहज बोलला. त्यात त्याचे काहीच वावगे नव्हते. त्याचे शास्त्रच तसे आहे. परंतु ते शब्द ऐकून मी गप्प झालो, कारण त्या वेळी माझ्या घरात हाच प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर पुढ्यात येत होता.

आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला, जीभ जड झाली, बाकी बुद्धी लख्ख राहिली. बुद्धी लख्ख राहिली हे आम्ही सर्वांना मोठ्या समाधानाने सांगत असू; तिला त्यात समाधान होते की नाही कोण जाणे. साठ वर्षे जिचा हात क्षणभर रिकामा राहिला नव्हता, ती बाई दिवसभर खिडकीशी बसू लागली. कोणी भेटायला आले की ती एकच वाक्य म्हणे, "आता माझा काय उपयोग?" येणारा घाईघाईने म्हणे, "असं कसं, आजी? तुमचा नुसता आधार केवढा आहे!" म्हणजे तोही बिचारा उपयोगच शोधत असे. डॉक्टरांनी सांगितले होते की तिला काहीतरी कामात गुंतवा. म्हणून माझी पत्नी तिच्यापुढे डाव्या हाताने निवडण्यासाठी ताटात तांदूळ ठेवी. आई ते निवडी. एक दिवस तिने ताट बाजूला सारले आणि जड जिभेने, पण अगदी स्पष्ट, म्हणाली, "सूनबाई, हे तांदूळ कालच निवडून झालेत." त्यानंतर आमच्या घरात तांदळाचे ताट निघाले नाही.

पडद्यावरचा रामचंद्र निओशी बोलतो ते म्हणूनच माझ्या जिव्हारी लागले. यंत्राच्या तोंडून प्रेमाची भाषा ऐकून निओला नवल वाटते. त्यावर रामचंद्राचे म्हणणे असे, की प्रेम हा शेवटी एक शब्द आहे. त्या शब्दाने जो धागा दाखवला जातो तो महत्त्वाचा. मुलीला वाचवण्यासाठी त्याने एका बड्या दलालाचे पाय धरले आहेत आणि त्याची जबर किंमत मोजली आहे. सौदा फक्त मुलीपुरता झाला आहे. नवरा-बायकोला परत कामावर जायचे आहे. का, म्हणून निओ विचारतो. तर रामचंद्र म्हणतो, ते आमचे कर्म. आणि कर्म म्हणजे काय, तर आपण इथे जे करण्यासाठी आलो ते. हे सांगताना त्याच्या आवाजात कुरकुर नाही. बायको आणि मुलगी या आपल्याला मिळालेल्या देणग्या आहेत, त्यांचा मान राखायचा म्हणून जे करायला हवे ते मी करतो, एवढेच तो बोलतो. बर्नार्ड व्हाइट या नटाने हे काम इतक्या साधेपणाने केले आहे, की एखाद्या सरकारी कचेरीतला सज्जन हेडक्लार्क समोर बसून बोलतो आहे असे वाटावे.

कर्म हा शब्द आपल्याकडे कपाळाशी जोडला गेला आहे. काही वाईट झाले की आपण कर्म म्हणतो आणि कपाळाला हात लावतो. हा परदेशी चित्रपटातला रामचंद्र मात्र तो शब्द कृतज्ञतेने उच्चारतो. मला गंमत वाटली ती याची, की आपल्याच घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरी अधिक नीट पुसून ठेवलेली दिसावी!

याच चित्रपटात आणखी एक गोष्ट घडली आहे, जी कोणी ठरवून घडवलेली नाही. या कथेत भविष्य जाणणारी एक वृद्धा आहे. स्वयंपाकघरात बिस्किटे भाजत बसणारी, सिगरेट ओढणारी, मोठी मिस्कील बाई. ग्लोरिया फॉस्टर या नटीने पहिल्या दोन भागांत ती उभी केली. परंतु तिसऱ्याचे काम पुरे होण्याआधीच, सप्टेंबर २००१ मध्ये, त्या वारल्या. मग मेरी अ‍ॅलिस या दुसऱ्या नटीला घ्यावे लागले. नाटकमंडळींत नट बदलला तर प्रेक्षकांनी समजून घ्यायचे असते. इथे लेखकांनी तो बदल कथेतच विणून टाकला. सतीच्या सुटकेसाठी रामचंद्राने जी किंमत मोजली ती हीच: त्या वृद्धेचे बाह्य रूप नष्ट करण्याची किल्ली त्याने दलालाच्या हवाली केली. म्हणजे एका बिनकामाच्या मुलीसाठी एका म्हातारीचा चेहरा गेला. आणि ती म्हातारी, हे ठाऊक असूनही, त्याच मुलीला आपल्या ओट्याशी घेऊन बिस्किटे करायला शिकवते.

निओ जेव्हा तिला या नव्या चेहऱ्याने प्रथम पाहतो, तेव्हा दारात क्षणभर थबकतो. ओळख पटते आणि पटत नाही. ते थबकणे मी पुरते ओळखत होतो. आजाराने आईच्या तोंडाची एक बाजू खाली ओढली गेली होती. बाहेरगावाहून येणारी माणसे दारात अशीच थबकत. मग आवाज चढवून, जणू तिला ऐकूच येत नाही अशा थाटात, तिची चौकशी करीत. ती पडद्यावरची बाई मात्र या सगळ्याला फारसे महत्त्व देत नाही. काही गेले, काही राहिले, अशा सुरात ती बोलते आणि पुढच्या कामाला लागते. इतक्या गडगडाटी चित्रपटात त्या स्वयंपाकघरातली ही पाच मिनिटे सर्वांत शूर आहेत, असे मला वाटते.

शेवटचे द्वंद्व पावसात होते. तोवर निओचे डोळे गेलेले असतात. ट्रिनिटी, जिच्यासाठी त्याने जगाची पर्वा केली नव्हती, ती वाटेतच मरण पावलेली असते. मरण्यापूर्वी त्यांचे विमान काळ्या ढगांच्या वर निसटते आणि क्षणभर तिला खरे आकाश, खरा सूर्य दिसतो. सगळ्या त्रयीत जाग्या माणसाने सूर्य पाहिला असेल तर तो त्या एका क्षणी. ती एवढेच म्हणते की हे सुंदर आहे. मग विमान पुन्हा अंधारात कोसळते.

त्यानंतर पावसात, चिखलात, स्मिथ निओला पुन्हा पुन्हा लोळवतो आणि वैतागून विचारतो: का उठतोस? कशासाठी? स्वातंत्र्य, सत्य, शांती, प्रेम, एकेक शब्द तो घेतो आणि थुंकून टाकतो. ही सगळी माणसाच्या दुबळ्या बुद्धीने रचलेली सोंगे आहेत म्हणतो. स्मिथ हा या नगरीच्या कायद्याचा अर्क आहे. उपयोग दाखव, हेतू दाखव, नाहीतर मर. निओ यातल्या एकाही शब्दाची बाजू घेत नाही. तो उठतो आणि सांगतो की मी हे निवडले आहे, म्हणून.

माझा भाचा म्हणे, हे काही उत्तर झाले नाही. तर्काच्या दृष्टीने नसेलही. पण त्याच हिवाळ्यात मी एक गोष्ट पाहिली. आमच्या घराला मागल्या बाजूस एक अरुंद गॅलरी होती. तिथे धुणे वाळत घालण्यापलीकडे कोणी जात नसे. एका पहाटे मी उठलो तर आई भिंतीला टेकून तिथे खाली बसली होती आणि डाव्या हाताने रांगोळी काढीत होती. ठिपके तिरपे पडले होते, रेघा थरथरल्या होत्या. एके काळी अंगणभर गालिचे काढणाऱ्या बाईची ती रांगोळी आहे हे कोणाला सांगूनही खरे वाटले नसते.

"आई, इथे कोण बघणार आहे?" मी म्हणालो.

"बघायला कशाला हवं कुणी?" ती म्हणाली. "मला काढावीशी वाटली."

पुढे दुपारी तिच्यावरच धुण्याचे पाणी ठिबकले आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. २००६ साली आई गेली. त्याआधी जवळजवळ अडीच वर्षे, अंगात ताप नसेल त्या प्रत्येक पहाटे, ती रांगोळी तिथे पडत असे. 'माझा काय उपयोग' हे वाक्य त्या काळात तिच्या तोंडून कमी होत गेले. पार बंद झाले असे मी म्हणणार नाही.

स्मिथचा शेवट निओ मारून करीत नाही. तो थांबतो, आणि स्मिथला आपल्याला गिळू देतो. त्याच वाटेने यंत्रे स्मिथपर्यंत पोचतात आणि त्याच्या हजारो प्रती फुटून जातात. सकाळ होते. रस्त्यावर सती जागी होते. बागेत त्या वृद्धेची आणि मॅट्रिक्स रचणाऱ्या शिल्पकाराची भेट होते. हा तह किती दिवस टिकेल, असे तो विचारतो. टिकेल तितके दिवस, असे ती म्हणते. ज्यांना स्वप्नातून बाहेर पडायचे असेल त्यांना सोडायचे, हेही त्याच्याकडून ती वदवून घेते. तहाला आमच्या भाच्याने नावे ठेवली. परंतु जगातले बहुतेक टिकाऊ सुख अशाच, 'टिकेल तितके दिवस' म्हणून केलेल्या तहांवर उभे आहे. संसार म्हणजे तरी दुसरे काय असते?

आणि मग सूर्य उगवतो. नेहमीच्या हिरवट झाकेच्या त्या नगरावर नारिंगी, पिवळा, जांभळा असा भडक सूर्योदय. लहान मुलाने रंगपेटीतले सगळे रंग एकदम वापरावेत तसा. तो सतीने केलेला असतो, निओसाठी, जो तो पाहायला उरलेला नाही. ज्या मुलीला काम नव्हते म्हणून पुसून टाकायचे होते, तिने केलेली ही एक गोष्ट. ती कशाच्याही उपयोगी नाही. तिने वीज निर्माण होत नाही, की युद्ध जिंकले जात नाही.

पुढे २०२१ साली या त्रयीला चौथा भाग जोडला गेला. त्यात मोठी झालेली सती आहे. आपल्या प्रियांका चोप्राने ती भूमिका केली आहे. ती आता जाणती, मसलती करणारी, सर्वांच्या कामी येणारी बाई झाली आहे. त्यात काही गैर नाही. मुली मोठ्या होतातच. मला मात्र ती फलाटावर बसलेली, 'सुप्रभात' म्हणून अनोळखी माणसाला जागे करणारी लहानगीच आठवते.

त्या दिवशी सूर्योदय झाला, पांढरी नावे पडद्यावर सरकू लागली आणि लोक उठले. भैरवीची सवय असलेला मी बसून राहिलो. माझ्यामुळे भाच्यालाही बसावे लागले. डॉन डेव्हिस यांनी रचलेल्या संगीतावर, ढोल आणि तारवाद्यांच्या कल्लोळात, एक समूह गाऊ लागला. पावसातल्या द्वंद्वाच्या वेळीही तो गात होता, पण तेव्हा मेघगर्जनेत शब्द कळत नव्हते. आता कान देऊन ऐकले तर भाषा ओळखीची निघाली. उच्चार पाश्चात्त्य, पण शब्द संस्कृत. बृहदारण्यकोपनिषदातले, शाळेत असताना ओळीत उभे राहून आम्ही म्हणत असू तेच. अंधारातून उजेडाकडे ने, अशी ती जुनी विनवणी.

"मामा, हे आपलं आहे?" भाच्याने विचारले.

मी मान हलवली. बाकीचे चित्रपटगृह रिकामे झाले होते. दोन माणसे खालच्या रांगांपासून झाडू मारीत आणि खाद्यपदार्थांची रिकामी पुडकी गोळा करीत वर येत होती. त्यातला एक जण आमच्या रांगेपाशी आला, क्षणभर थांबला, आणि आम्ही उठत नाही असे पाहून पुढच्या रांगेकडे वळला. गाणे अजून चालूच होते.